ओएचपी शीटवर डिफ्रॅक्टिव्ह लेन्स: छापायची कशी, तपासायची कशी

जवळपास लेसर प्रिंटरवालं झेरॉक्सचं दुकान असेल, शाळेच्या लॅबमधलं १० सेंटीमीटरचं बहिर्वक्र भिंग दोन दिवसांसाठी मागून आणता येत असेल आणि घराला लांब पडवी असेल तर डिफ्रॅक्टिव्ह लेन्स (काचेच्या जाडीऐवजी बारीक रिंगांनी उजेड फोकस करणारी) बनवायला लागणारं जवळजवळ सगळं तुमच्याकडे आहे. काच घासायची नाही, पॉलिश नाही, मोल्ड नाही. ओएचपी म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पातळ पारदर्शक प्लास्टिक शीटवर काळी-पांढरी वर्तुळं छापायची आणि त्या वर्तुळांनी लेसरचा उजेड एक मीटरवर एका ठिपक्यात गोळा करून दाखवायचा. बनवणं तसं सोपंच आहे, खरं शिकायला मिळतं ते तपासताना, आणि नवीन मंडळी नेमकी तीच पायरी गाळतात, ठिपका पडला की फोटो काढला आणि झालं. म्हणून या लेखात तपासणीवर जास्त लिहितोय.

आधी एक गोंधळ मिटवू. लाइटहाऊसमधली मोठी फ्रेनेल लेन्स बऱ्याच जणांना माहीत असते, फ्रेनेलने ती पहिल्यांदा १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपस्तंभावर बसवली. ती डिफ्रॅक्टिव्ह लेन्स नव्हे. तिच्यात काचेचे प्रिझमसारखे तुकडे उजेड वाकवतात, म्हणजे साधं अपवर्तनच, फक्त मधली जाड काच काढून टाकलेली. ओएचपी प्रोजेक्टरच्या काचेखालची खाचा-खाचांची शीटपण त्याच जातीची. आपण करणार आहोत ती झोन प्लेट. तिच्यात काचेने उजेड वाकवलेला नसतो, जो उजेड फोकसला पोचून एकमेकांना मारेल तो काळ्या रिंगने अडवायचा आणि जो एकमेकांत मिळून वाढेल तेवढाच सोडायचा, बस. लॉर्ड रॅली यांनी १८७१ मध्ये अशी प्लेट करून बघितली होती, सोरे यांनी १८७५ मध्ये त्याबद्दल छापून प्रसिद्ध केलं, आणि १८९८ मध्ये आर. डब्ल्यू. वुड यांनी अडवण्याऐवजी उजेडाची फेज (लाटेच्या चढ-उताराची स्थिती) उलटवून तीच प्लेट जास्त तेजस्वी केली. वुड यांच्या युक्तीकडे शेवटी येऊ.

आता याचा कॅमेऱ्याच्या आखूड, हलक्या लेन्सशी संबंध काय? आपल्याकडे खाडीकाठी पक्ष्यांचे फोटो काढणारे खूप आहेत, त्यांनी निकॉनच्या ३०० एमएम एफ/४ पीएफ लेन्सचं नाव ऐकलेलं असेल, २०१५ ला आली. वजन ७५५ ग्रॅम, आणि त्याआधीची त्याच फोकल लेंथची लेन्स १४४० ग्रॅमची होती. कॅननने तर २००१ मध्येच ४०० एमएमची डीओ लेन्स आणली होती. दोन्हींत काचेच्या जोडीला एक डिफ्रॅक्टिव्ह थर आहे. कारण असं की काचेची लेन्स निळा रंग जवळ आणि लाल लांब फोकस करते, डिफ्रॅक्टिव्ह लेन्स बरोबर उलटं करते, लाल जवळ आणि निळा लांब, आणि तेही काचेच्या कितीतरी पट जोरात. काचेचा अ‍ॅबे नंबर (रंग किती फाकतात याचं माप, आकडा लहान तितके रंग जास्त फाकतात) ६४ च्या आसपास असतो तिथे डिफ्रॅक्टिव्हचा उणे ३.४५ येतो, मटेरियल कुठलंही असो. त्यामुळे एकूण ताकदीच्या जेमतेम ५ टक्के काम डिफ्रॅक्टिव्ह थराला दिलं तरी साध्या काचेचा रंगदोष बऱ्यापैकी मारला जातो आणि जास्तीची जड काच वाचते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टर मल्टिफोकल लेन्स सुचवतात त्यातल्या बऱ्याच लेन्सवरही अशाच बारीक रिंगा असतात, जवळचं आणि लांबचं दोन्ही फोकस एकाच लेन्समधून काढायला.

पहिली पायरी: आकडे ठरवा

सूत्र एकच आहे. कुठल्याही रिंगच्या बाहेरच्या कडेची त्रिज्या म्हणजे रिंगचा क्रमांक गुणिले तरंगलांबी गुणिले फोकल लेंथ, आणि त्या सगळ्याचं वर्गमूळ. यात अजून एक छोटं पद असतं पण आपल्या आकाराच्या प्लेटला त्याने काही फरक पडत नाही. सगळं मिलिमीटरमध्ये घ्या म्हणजे घोळ होत नाही. साधा लाल लेसर पॉइंटर ६५० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे ०.०००६५ मिमी, आणि फोकल लेंथ १००० मिमी धरली तर गुणाकार ०.६५. पहिल्या वर्तुळाची त्रिज्या ०.८०६ मिमी. पुढची सगळी यालाच क्रमांकाच्या वर्गमुळाने गुणून येतात: दुसरं १.१४०, तिसरं १.३९६, चौथं १.६१२, दहावं २.५५०, विसावं ३.६०६. म्हणजे २० रिंगांची प्लेट साधारण ७.२ मिमी व्यासाची झाली, शर्टाच्या छोट्या बटणापेक्षाही लहान.

बघा, रिंगा बाहेरच्या बाजूला बारीक होत जातात. एकोणिसावं वर्तुळ ३.५१४ ला आणि विसावं ३.६०६ ला, मधे उरले फक्त ०.०९१ मिमी, म्हणजे ९१ मायक्रॉन. तुमचा प्रिंटर काय छापू शकतो हे या शेवटच्या रिंगवरून ठरतं. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या, प्रिंटरचा एक ठिपका ४२ मायक्रॉनचा, म्हणजे शेवटच्या रिंगला दोनच ठिपके, ते पुरत नाहीत, वर्तुळाऐवजी दातेरी काहीतरी येतं. १२०० डीपीआयला ठिपका २१ मायक्रॉनचा, रिंगला चार ठिपके, हे चालतं. तेव्हा दुकानात ६०० चाच असेल तर दहाच रिंगा घ्या, शेवटची रिंग १३१ मायक्रॉनची राहते आणि तीन ठिपके मिळतात. पहिल्या प्लेटला जास्त रिंगांची हाव धरू नका.

फाइल आणि प्रिंट

फाइल व्हेक्टरच हवी, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकार साठवणारी, जेपीजी अजिबात नको. इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये हाताने वर्तुळं काढता येतात, पायथॉन येत असेल तर दहा ओळींचं काम आहे. रिंगा काढत बसायची गरज नाही, सगळ्यात मोठं वर्तुळ काळं भरायचं, त्याच्यावर त्याच केंद्रावर त्याहून लहान पांढरं, त्यावर पुढचं काळं, असं आत आत येत जायचं, रिंगा आपोआप तयार होतात. मधलं वर्तुळ काळं आलं काय आणि पांढरं आलं काय, दोन्ही प्लेटा सारख्याच चालतात, दोन्ही करून बघा. प्लेटच्या बाहेरचा भाग मात्र चांगला लांबपर्यंत काळा ठेवा नाहीतर आजूबाजूचा उजेड सगळा शो बिघडवतो. एका पानावर अशा पुष्कळ प्लेटा बसतात, १० रिंगांच्या, २० च्या, केंद्र काळं, केंद्र पांढरं, आणि शेजारी बरोबर १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ. या दोन रेघा विसरू नका.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी तोंडाने सांगाव्या लागतात. शीट लेसर प्रिंटरची ओएचपी हवी, स्पायरल बाइंडिंगला लावतात ती पीव्हीसीची शीट घातली तर ती प्रिंटरच्या गरम रोलरला चिकटते आणि दुकानदाराचं मशीन बसतं, म्हणून आपली शीट न्यायची असेल तर पाकिटासकट न्या आणि दाखवा. दुसरं, पीडीएफ ‘अ‍ॅक्चुअल साइज’ने प्रिंट करायला सांगा, कारण बहुतेक दुकानांत ‘फिट टू पेज’ कायमचं टिक केलेलं असतं आणि पोरगं सवयीने दाबून मोकळं होतं. तिसरं, टोनर सेव्ह बंद आणि क्वालिटी सगळ्यात वरची. ‘दादा, कितीही काळं आलं तरी चालेल’ असं सांगितलं की त्यांना बरोबर कळतं.

फिट टू पेजबद्दल एवढं का सांगतोय तर फोकल लेंथ त्रिज्येच्या वर्गावर चालते. पान ३ टक्के आखडलं तर फोकल लेंथ ६ टक्क्यांनी घटते, म्हणजे १००० च्या जागी ९४० च्या आसपास. घरी आल्यावर आधी त्या १०० मिमीच्या रेघा स्टीलच्या पट्टीने मोजा. आडवी आणि उभी दोन्ही. गरम रोलरमधून जाताना शीट एका दिशेने जराशी ताणली जाते, दोन रेघांत फरक आला तर तो आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता प्लेट उजेडासमोर धरून चांगल्या भिंगातून बघा, घड्याळवाल्याचं डोळ्याला लावायचं भिंग असेल तर उत्तम. मधल्या रिंगा स्वच्छ दिसतील. बाहेर जाल तशा काळ्या रिंगांच्या कडांवर टोनरचे सुटे कण पसरलेले दिसतील, पारदर्शक रिंगच्या आतही दोन-चार कण सांडलेले, आणि शेवटच्या रिंगांत काळा भाग पारदर्शक भागापेक्षा जाड झालेला. काळ्या भागातून बारीक बारीक उजेड झिरपताना दिसला तर टोनर कमी पडलाय, दोन शीट एकावर एक लावायचा मोह होईल पण तो टाळा, इतकं बारीक जुळवणं हाताने होत नाही. प्लेट कापताना बोट टोनरवर लावायचं नाही, कडेला धरायचं. कापलेली शीट थोडी वाकडी असली तरी घाबरू नका, इतक्या मंद वाकण्याने फोकसला काही होत नाही, पातळ डिफ्रॅक्टिव्ह लेन्सचा हा मोठाच फायदा आहे. पुठ्ठ्याला ८ मिमीचं भोक पाडून त्यावर कडेने टेप लावली की झालं माउंट.

पडवीतली ऑप्टिकल बेंच

लेसरबद्दल आधी बोलून घेऊ. क्लास २ म्हणजे १ मिलिवॉटच्या आतला लाल पॉइंटर घ्या. जत्रेत मिळणारे हिरवे लेसर त्यावर काहीही लिहिलेलं असलं तरी भरवशाचे नसतात, बऱ्याच स्वस्त हिरव्यांतून न दिसणारा इन्फ्रारेडपण बाहेर पडतो आणि तो डोळ्याला कळत नाही म्हणूनच जास्त वाईट. लेसरची रेषा बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवू नका, तोंड घराच्या भिंतीकडे, रस्त्याकडे किंवा अंगणाकडे नाही, वाटेत स्टीलची भांडी, आरसा, खिडकीची काच नको, आणि लहान पोरं असतील तर एक मोठा माणूस फक्त त्यांच्याकडे बघायला. झोन प्लेटमधून सूर्याकडे तर कधीच बघायचं नाही.

पॉइंटरची बीम जेमतेम ३ मिमी रुंद असते आणि आपली प्लेट ७ मिमीची, सरळ मारली तर मधल्या तीन-चार रिंगांवरच उजेड पडेल आणि बाहेरच्या रिंगांची परीक्षाच होणार नाही. म्हणून पॉइंटरसमोर ते शाळेचं १० सेंटीमीटरचं भिंग ठेवायचं. बीम भिंगाच्या पुढे १० सेंटीमीटरवर एका बिंदूत येते आणि तिथून पसरत जाते, ४ मीटरवर साधारण १२ सेंटीमीटरचा लाल गोळा होतो. तो बिंदू हा आपला उजेडाचा स्रोत. अंतर त्या बिंदूपासून मोजायचं, भिंगापासून नाही, आणि पॉइंटरपासून तर नाहीच. बिंदू कुठे आहे ते कागद मागेपुढे करून बघा, जिथे सगळ्यात लहान होतो तिथे खाली जमिनीवर खडूची खूण करा.

बरोबर ४ मीटरवर प्लेट उभी करा, कपड्याच्या चिमट्यात पुठ्ठा पकडून चिमटा पोरांच्या चिकणमातीत रोवला तरी पुरतो. झोन प्लेट लेन्सचंच सूत्र पाळते: १ भागिले फोकल लेंथ म्हणजे १ भागिले स्रोताचं अंतर अधिक १ भागिले ठिपक्याचं अंतर. स्रोत ४००० मिमीवर, फोकल लेंथ १०००, म्हणजे ठिपका प्लेटच्या मागे १३३३ मिमीवर पडायला हवा. एकूण साडेपाच मीटर जागा लागते, जुन्या कौलारू घराची पडवी असेल तर बहुतेक बसतं, नाहीतर ओटीपासून दारातून सरळ माजघरात जायचं. रात्री दिवे घालवून करा. पावसाळ्यात लाइट गेली तर आयता अंधार मिळतो, पॉइंटर सेलवरच चालतोय. फक्त वारा नको, पडवीला पडदे असतील तर सोडा.

ठिपका कागदावर शोधताना एक गोष्ट पहिल्यांदा खटकेल, तो बऱ्याच अंतरात तेवढाच बारीक दिसत राहतो. फोकल लेंथच्या मानाने इतक्या लहान व्यासाच्या लेन्सला फोकसची खोली अलीकडे-पलीकडे चार-साडेचार सेंटीमीटर असते. म्हणून जवळच्या बाजूला जिथे तो फुगायला लागतो आणि लांबच्या बाजूला जिथे फुगायला लागतो त्या दोन खुणा करा आणि मधला बिंदू घ्या. हे चार-पाचदा करा, दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा, तुमच्या खुणा त्याला न दाखवता.

मधला बिंदू १२३० च्या आसपास आला तर ते ३ टक्के आखडलेलं पान आहे. १३३३ च्या जवळपास असेल तर आकार बरोबर छापलाय.

प्लेटचे बाकीचे फोकस वाचा

मला सगळ्यात आवडणारा भाग हा. झोन प्लेटला एकच फोकस नसतो. फोकल लेंथच्या एक तृतीयांशावर, एक पंचमांशावरही फोकस पडतात, मुख्य फोकसपेक्षा फिके. आपल्या मांडणीत एक तृतीयांशवाला प्लेटच्या मागे ३६४ मिमीवर यायला हवा, आणि त्याच्यात मुख्य फोकसच्या नवव्या भागाइतकाच उजेड असतो. कागद प्लेटजवळ आणून सावकाश मागे न्या, ३६ सेंटीमीटरला एक छोटा टोकदार ठिपका उठून दिसेल.

आता कागद आणखी मागे न्या, ५७१ मिमीपर्यंत. ही जागा एक द्वितीयांश फोकसची. काळ्या आणि पारदर्शक रिंगा अगदी सारख्या क्षेत्रफळाच्या असतील तर इथे काहीच यायला नको. सगळा हिशोब इथे कटतो. घरच्या प्लेटला मात्र इथे बहुतेक वेळा एक फिका ठिपका सापडतो, आणि तो का आला ते तुम्ही आधी भिंगातून बघितलेलंच आहे: टोनर पसरून काळ्या रिंगा जाड झाल्या, बाहेरच्या जास्तच, आणि काळ्या-पांढऱ्याचं गणित बिघडलं. म्हणजे मायक्रोस्कोप नसतानाही प्रिंटर किती टोनर पसरवतोय ते या ५७ सेंटीमीटरवरच्या ठिपक्यावरून कळतं. मग फाइलमध्ये प्रत्येक काळी रिंग दोन्ही बाजूंनी थोडी बारीक करायची, ५ मायक्रॉनने एक प्लेट, १० ने एक, १५ ने एक, सगळ्या एकाच पानावर छापून एकामागून एक बेंचवर लावा. ज्या प्लेटला तो ठिपका सगळ्यात मंद असेल ती तुमच्या प्रिंटरची बरोबर दुरुस्ती. दुसऱ्या दुकानाचा प्रिंटर असेल तर परत पहिल्यापासून करावं लागतं, त्याला इलाज नाही.

दुसरं निदान ठिपक्याच्या आकारावरून. फोकसच्या अलीकडे ठिपका आडवा लांबट आणि पलीकडे उभा लांबट दिसला तर पान एका दिशेने जास्त ताणलं गेलंय, वर्तुळं लंबवर्तुळं झाली आहेत. पण हा दोष प्लेटचा की मांडणीचा? चिमटा सोडून प्लेट तिच्याच पातळीत ९० अंश फिरवा. लांबटपणा प्लेटबरोबर फिरला तर दोष प्लेटचा, मघाशी मोजलेल्या आडव्या-उभ्या रेघांशी ताडून बघा. जागच्या जागी राहिला तर भिंग तिरकं बसलंय किंवा पॉइंटरचीच बीम तशी आहे. फाइलमध्ये त्या एका दिशेला तेवढंच स्केल कमी केलं की पुढच्या प्रिंटला ठिपका गोल येतो.

रंगाचा प्रयोगही करा, भरवशाचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर कॉलेजच्या लॅबमध्ये असेल तर. तीच प्लेट हिरव्याला १२२२ मिमी फोकल लेंथची होते, आपल्या मांडणीत ठिपका १७६० मिमीवर जातो. म्हणजे लालपेक्षा जवळपास ४३ सेंटीमीटर लांब! काचेच्या लेन्समध्ये असा फरक कधी बघायला मिळत नाही, आणि दिशाही उलटी.

आकडा काढल्याशिवाय थांबू नका

ठिपका किती तेजस्वी हे डोळ्याने ठरवायचं नाही, डोळा फसतो. बीपीडब्ल्यू३४ नावाचा फोटोडायोड स्वस्तात मिळतो, तो ९ व्होल्टच्या बॅटरीशी उलटा जोडून सिरीजमध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर टाका आणि मल्टिमीटरने रेझिस्टरवरचा मिलिव्होल्ट वाचा. फोटोडायोडसमोर काळ्या कागदात अर्ध्या मिलिमीटरचं भोक, ते बरोबर ठिपक्यावर. हा पहिला आकडा. मग प्लेट काढून तिच्या जागी ७.२ मिमीचं मोकळं भोक असलेला पुठ्ठा लावा, फोटोडायोडपुढचं छोटं भोक काढा, फोटोडायोड पुठ्ठ्याच्या लगेच मागे आणा आणि भोकातून येणारा सगळा उजेड मोजा. या डायोडचा संवेदनशील भाग जेमतेम पावणेतीन मिमीचा चौकोन आहे, म्हणून एखाद्या साध्या भिंगाने तो उजेड डायोडवर गोळा करावा लागतो. दोन्ही वेळा लेसर बंद करून अंधाराचा आकडा घ्यायचा आणि वजा करायचा.

पहिला भागिले दुसरा ही प्लेटची एफिशियन्सी. आदर्श काळ्या-पांढऱ्या प्लेटला ती १०.१ टक्के असते, कितीही चांगली छापली तरी त्याच्या वर जात नाही. निम्मा उजेड काळ्या रिंगा खातात, पाव हिस्सा न वळता सरळ निघून जातो, दहा टक्के मुख्य फोकसला, आणि तेवढाच उलटा पसरत जाणाऱ्या किरणांत. शीटच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तनात अजून दहा टक्क्यांच्या आसपास गळती होते, म्हणून ८-९ आलं तर प्लेट झकास आहे. ५ आलं तर बाहेरच्या रिंगा कामच करत नाहीयेत. १२-१५ यायला लागलं तर खुश होऊ नका, मोजण्यात कुठेतरी चुकतंय, बहुतेक अंधाराचा आकडा वजा केलेला नाही.

ठिपक्याचा व्यास बघायचा तर रास्पबेरी पायचा पहिल्या पिढीचा कॅमेरा लेन्स काढून वापरा, त्याचा पिक्सेल १.४ मायक्रॉनचा आहे. आपल्या मांडणीत मधल्या तेजस्वी चकतीचा व्यास पहिल्या काळ्या कडेपर्यंत ०.२९ मिमी यायला हवा, म्हणजे दोनशेच्या वर पिक्सेल, आरामात मोजता येतो. सेन्सर पांढराफट्ट होऊ देऊ नका, एक्सपोजर अगदी कमी ठेवा नाहीतर चकती खोटी मोठी दिसते.

पुढची पायरी

टोनरची हद्द कळली की ऑफसेट प्रेसला फिल्म काढून देणाऱ्याकडे जा, आपल्याकडून बहुतेकांना कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते पण फाइल मेलवर पाठवून फिल्म पार्सलनेही येते. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांना ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की समजतं. २५४० डीपीआयच्या मशीनचा ठिपका १० मायक्रॉनचा, त्यावर ५०० मिमी फोकल लेंथची, ९० रिंगांची, १०.८ मिमी व्यासाची प्लेट निघते आणि शेवटची रिंग ३० मायक्रॉनची राहते. स्क्रीन म्हणजे जाळी न टाकता, शुद्ध लाइन वर्क म्हणून काढायला सांगा. तपासणी सगळी हीच, फक्त अंतरं नव्याने काढायची.

आपल्या हवेत एक काळजी घ्यावीच लागते. जूननंतर दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते आणि फिल्मच्या जिलेटिनवर तर फारच लवकर, म्हणून प्लेटा, भिंगं, सेन्सर सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा आणि जेल महिन्याकाठी तापवून परत कोरडं करा. समुद्राजवळ घर असेल तर खारी हवा फोटोडायोडच्या पायांवर हिरवट थर आणते, रीडिंग हलायला लागलं की आधी ते घासून बघा.

आणि ज्यांना लॅब मिळणार आहे त्यांनी वुड यांची फेज प्लेट करावी. काचेवर फोटोरेझिस्टचा (उजेड पडलेला भाग डेव्हलपरमध्ये विरघळतो असं रसायन) पातळ थर, त्यावर तीच फिल्म उलटी दाबून यूव्ही उजेड, मग डेव्हलप. काळ्या रिंगांऐवजी थराच्या पायऱ्या उरतात आणि उजेड अडण्याऐवजी अर्ध्या तरंगाने मागे पडतो. लाल लेसरला त्यासाठी थर साधारण अर्ध्या मायक्रॉनचा लागतो, एस१८०५ नावाचं रेझिस्ट काच गरगर फिरवून पसरवतात, ते ४००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) जवळपास तेवढंच बसतं, हवं तर आरपीएम थोडे खाली घ्या. एफिशियन्सी दहावरून थेट ४०.५ टक्क्यांच्या हद्दीपर्यंत जाते, चार पायऱ्या जमल्या तर ८१, आठ जमल्या तर ९५. संशोधन करणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूच्या आयआयएस्सीमध्ये बाहेरच्यांना नॅनोफॅब्रिकेशनची मशीन वापरू देणारा आयएनयूपी कार्यक्रम आहे, कॉलेजच्या गाइडमार्फत त्याची चौकशी करा. थराची उंची बरोबर आली का हे कळायला महागडं उपकरण लागत नाही: उंची बरोबर असली आणि रिंगा सारख्या असल्या की न वळता सरळ जाणारा उजेड जवळपास नाहीसा होतो, म्हणून फोकसच्या मागे कागद धरून ठिपक्याभोवतीचा तो फिका लाल गोळा आधी मोजा, आणि तो विझेपर्यंत दरवेळी आरपीएम थोडे बदलत नवीन काच करत राहा.